एचसीपीसी की जीसीसी? यूकेतल्या फिजिओने कायरोप्रॅक्टिकच्या रजिस्टरवर जावं का

बीपीटी, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी, करून यूकेत आलेल्या मंडळींकडून एक प्रश्न हल्ली वरचेवर येतो. एचसीपीसीवर (हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिल, आरोग्य व्यवसायांची नियामक संस्था) फिजिओ म्हणून नोंदणी झाली, एनएचएसमध्ये, म्हणजे यूकेच्या सरकारी आरोग्यसेवेत, काही वर्षं काढली, आता खासगी प्रॅक्टिसकडे ओढा आहे. मग फिजिओच राहावं, की कायरोप्रॅक्टिक (हातांनी मणक्यावर आणि सांध्यांवर उपचार करण्याची पद्धत) शिकून जीसीसीच्या, म्हणजे कायरोप्रॅक्टरांच्या नियामकाच्या, रजिस्टरवर जावं? पगार, व्हिसा आणि कोर्सची फी यांवर भरपूर बोललं जातं. पण पदवी मिळाली की कॉलेजशी संबंध संपतो, नियामक संस्थेशी मात्र निवृत्त होईपर्यंत गाठ असते. ती काय विचारते, कधी विचारते, आणि तुमचं शिकणं चालू आहे हे तिला कसं दाखवायचं, हे आधी कोणी नीट सांगत नाही. मी दोन्ही रजिस्टरांवर आहे, आधी फिजिओ आणि नंतर कायरोप्रॅक्टर. त्यामुळे तेवढ्याच अंगाने लिहितो. कुठली पद्धत पाठदुखीला जास्त गुणकारी, हा वाद इथे नको.

दोघांचं कायदेशीर स्थान आधी थोडक्यात. जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिल, म्हणजे जीसीसी, १९९४ च्या कायद्याने आली. रजिस्टर १९९९ मध्ये उघडलं आणि २००१ पासून रजिस्टरवर नसलेल्या माणसाने स्वतःला कायरोप्रॅक्टर म्हणवणं हा यूकेत गुन्हा ठरला. 'फिजिओथेरपिस्ट' हे नावही तसंच राखीव आहे, पण ते एचसीपीसीच्या हाती. एचसीपीसी एकाच छत्राखाली पंधरा व्यवसाय सांभाळते आणि तिच्याकडच्या नोंदी तीन लाखांच्या वर आहेत. जीसीसीकडे एकच व्यवसाय आणि जेमतेम साडेतीन-चार हजार माणसं. पुढचे बरेचसे फरक या आकड्यांतूनच येतात.

एक गोष्ट नवीन माणसाच्या ध्यानात सहसा येत नाही. यूकेत कायदा नावाला कुंपण घालतो, कृतीला नाही. मणक्याला झटका देण्याचं काम कोणीही करू शकतो, फक्त कायरोप्रॅक्टर, ऑस्टिओपॅथ (हातांनी उपचार करणारा आणखी एक नोंदणीकृत व्यवसाय) किंवा फिजिओ म्हणवून घेता येत नाही. कॅनडात ऑन्टारिओमध्ये वेगळं आहे. तिथे ती कृतीच राखीव आहे आणि ठरावीक व्यवसायांनाच ती करता येते. मला ऑन्टारिओची रीत जास्त पटते, पण आपण जिथे आहोत तिथलं बोलू. यूकेत रुग्णाला तुमच्या नावामागचं रजिस्टर हाच काय तो आधार असतो, म्हणून ते रजिस्टर तुमच्याकडून काय करून घेतं याला महत्त्व आहे.

सीपीडीची मागणी

सीपीडी म्हणजे नोंदणीनंतरही चालू ठेवायचं व्यावसायिक शिक्षण. एचसीपीसी त्याचे तास मोजत नाही. पाच मानकं आहेत: शिकण्याची नोंद सतत ठेवा, शिकण्याचे प्रकार वेगवेगळे ठेवा, त्याने कामाचा दर्जा सुधारावा, रुग्णाला त्याचा फायदा व्हावा, आणि मागितलं तर लेखी प्रोफाइल सादर करा. रिन्यूअल दोन वर्षांनी. फिजिओंचं सम वर्षांच्या फेब्रुवारीत उघडतं आणि एप्रिलअखेर बंद होतं. त्या वेळी तुम्ही मानकं पाळल्याचं जाहीर करता आणि फी भरता. त्यातल्या अडीच टक्के लोकांची नावं यादृच्छिक निवडीत निघतात. त्यांनी प्रोफाइल आणि पुरावे पाठवायचे, बाकीच्यांनी नाही.

जीसीसीचं गणित उघड आहे. वर्षाला ३० तास, त्यातले निदान १५ इतरांबरोबर शिकण्याचे. वर्ष १ सप्टेंबरला सुरू होतं, ३१ ऑगस्टला संपतं आणि ३० सप्टेंबरच्या आत नोंद ऑनलाइन भरून द्यावी लागते. ती प्रत्येकाला, दर वर्षी. भरलेल्या नोंदींपैकी काही नमुने नंतर बारकाईने तपासले जातात. तासांच्या जोडीला चिंतनही लिहायचं असतं: काय शिकलात, त्याने कामात काय बदललं. नोंदणीची फी मात्र कॅलेंडर वर्षाप्रमाणे, म्हणजे सप्टेंबरात सीपीडी आणि वर्षाच्या शेवटी पैसे. दोन तारखा लक्षात ठेवणं हा थोडा जाच आहे, पण त्याची सवय होते.

पैशांचा फरक मोठा आहे आणि तो कोणी लपवू नये. जीसीसीला मी वर्षाला ८०० पौंड भरत आलो आहे. एचसीपीसीची फी वर्षाला साधारण सव्वाशे पौंडांच्या आसपास पडते. तीन लाखांत वाटला जाणारा खर्च आणि जेमतेम चार हजारांत वाटला जाणारा खर्च यांत एवढी तफावत होणारच. विमा दोन्हीकडे सक्तीचा आहे, आणि खासगीत स्वतःचा धंदा असेल तर तोही खिशातूनच. नुसत्या आकड्यांवर ठरवायचं असेल तर फिजिओचं पारडं सरळ जड आहे आणि पुढे वाचायची गरज नाही.

मला न सोसलेली गोष्ट

माझं ठरलं ते एका कटकटीवरून. ती आधी किरकोळ वाटायची आणि वर्षागणिक वाढत गेली. ही तक्रार एचसीपीसीवर नाही. तिची पद्धत विचार करून केलेली आहे, आणि तासांचा हिशोब न ठेवण्यामागे भूमिका चांगली आहे: एका तासाच्या वाचनाने कधी काम पालटतं, आणि दोन दिवसांच्या सेमिनारने कधी काहीच होत नाही. हे मी स्वतः अनुभवलेलं आहे. कटकट होती ती मी ज्या परिस्थितीत ती पद्धत पाळत होतो त्यात.

एनएचएसमध्ये असताना हे कधी जाणवलंच नाही. तिथे आठवड्याला इन-सर्व्हिस ट्रेनिंग असतं, वरच्या बँडचा, म्हणजे वरच्या श्रेणीचा, माणूस ठरावीक वेळी बसून तुमच्या केसेस ऐकतो, शेजारच्या पडद्याआड सहकारी काय करतो आहे ते कानावर पडतं. वॉर्डात चुकीच्या कुबड्या दिल्या तर दुपारपर्यंत कोणीतरी सांगतंच. शिकण्याच्या नोंदींचा पोर्टफोलिओ हा त्या सगळ्याचा नुसता कागद. तो कोणी वाचला नाही तरी काही बिघडत नाही, कारण शिकणं आधीच झालेलं असतं.

मग मी खासगी क्लिनिकमध्ये गेलो. चांगली जागा होती, माणसंही चांगली होती. पण प्रत्येकाची खोली वेगळी, दार बंद, अर्ध्या तासाला एक रुग्ण. दुपारी स्वयंपाकघरात भेटलो तर बोलणं पार्किंगचं आणि सुट्ट्यांचं. माझे हात काय करतात हे तिथे कोणीच बघत नव्हतं, आणि दुसऱ्याचे हात मला दिसत नव्हते. रात्री मुलं झोपली की लॅपटॉप उघडून मी चिंतन लिहायचो: अमुक शोधनिबंध वाचला, तमुक रुग्णाच्या बाबतीत असा विचार केला. सगळं प्रामाणिक होतं. पण ते लिहिणारा मी, वाचणारा मी, आणि बरोबर आहे असं म्हणणाराही मीच. रिन्यूअलला नाव निघालं नाही, पुढच्या वेळीही निघालं नाही. त्या फोल्डरमधली वाक्यं दर वर्षी एकमेकांसारखी होत चालली आहेत हे मला दिसत होतं. ज्या कामात माणसाची मान आपल्या दोन तळव्यांत असते, त्या कामात वर्षानुवर्षं कोणी आपल्याला 'हे असं का करतोस?' असं विचारू नये, याचा मला फार त्रास व्हायला लागला.

कायरोप्रॅक्टिकच्या शिक्षणाकडे वळण्याची माझी इतर कारणंही होती, ती इथे लिहीत नाही. पण जीसीसीच्या त्या १५ तासांनी माझ्या कामावर जो परिणाम केला तो मी आधी धरला नव्हता. सुरुवातीला तो नियम मला शाळकरी वाटला. आता वाटतं, यूकेतले बहुतेक कायरोप्रॅक्टर खासगीतच, एकट्याने किंवा दोघा-तिघांत काम करतात हे ओळखूनच तो केलेला असावा. एकट्या माणसाला सक्तीने चार जणांत नेऊन बसवणारा नियम हवाच.

अशा एका बैठकीचं उदाहरण देतो. संध्याकाळी क्लिनिक बंद झाल्यावर सात-आठ जण जमलो होतो, त्यात दोन ऑस्टिओपॅथ आणि एक फिजिओही. विषय होता मानेच्या मॅनिप्युलेशनआधीची, म्हणजे मानेला झटका देण्याआधीची, संमती. २०१५ च्या मॉन्टगोमेरी खटल्याच्या निकालानंतर यूकेत संमतीचा अर्थच बदलला आहे. डॉक्टरला काय सांगावंसं वाटतं यावर आता भागत नाही, समोरच्या माणसाला जे जाणून घेणं महत्त्वाचं वाटेल ते सांगावं लागतं. हे सगळ्यांना माहीत होतं. पण एका अनुभवी बाईंनी ते करून दाखवलं. आमच्यातलाच एक जण रुग्ण झाला. त्या आधी स्टूल ओढून त्याच्या समोर बसल्या, डोळे त्याच्या डोळ्यांच्या उंचीला. मानेतल्या रक्तवाहिनीला इजा होऊन पक्षाघात झाल्याच्या क्वचित नोंदी आहेत हे त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं. त्याऐवजी काय करता येईल, आणि काहीच न केल्यास काय होईल, हेही सांगितलं. मग म्हणाल्या, "मी काय सांगितलं ते तुमच्या शब्दांत सांगा बरं." त्याने सांगितलं. त्यानंतरच त्यांनी त्याला आडवं होऊ दिलं. हात जागेवर नेऊन त्या थांबल्या, झटका दिला नाही, आणि पुन्हा विचारलं, "पुढे जाऊ?"

त्यावर अर्धा तास वाद झाला. एकाचं म्हणणं, दुसऱ्यांदा विचारलं की रुग्ण घाबरतो आणि मान आखडून घेतो. दुसरा म्हणाला, घाबरत असेल तर त्याची संमती नाहीच. त्या बाईंचं एक वाक्य माझ्या कायमचं लक्षात राहिलं: पाठीवर झोपलेला, डोकं दुसऱ्याच्या हातात असलेला माणूस सहसा नाही म्हणत नाही, म्हणून खरा प्रश्न तो बसलेला असतानाच विचारायचा. हे कुठल्या शोधनिबंधात मला सापडलं नसतं, आणि सापडलं असतं तरी एवढं पटलं नसतं. आता माझ्या खोलीत टेबलाच्या आधी खुर्ची आहे, आणि मानेचा कोणताही रुग्ण आधी तिथे बसतो.

हे सगळं फिजिओ राहूनही करता येतं. मॅनिप्युलेशन शिकलेले फिजिओ आहेत, त्यांचे गट आहेत, आणि उत्साही माणूस ते शोधून काढतोच. एचसीपीसीच्या दृष्टीने ते उत्तम सीपीडी ठरेल. पण उत्साह दर वर्षी सारखा राहत नाही. घरात लहान मूल असलं, आई-वडिलांच्या आजारपणासाठी भारतात खेपा घालाव्या लागल्या, की सगळ्यांत आधी सुटतात त्या अशा संध्याकाळच्या बैठका. नियम असला तर सुटत नाहीत. माझ्यापुरतं पारडं तिथे झुकलं.

तासांच्या मागे लपलेलं

जीसीसीच्या रीतीतल्या दोन गोष्टी मात्र खटकतात, त्या सांगायलाच हव्यात.

पहिली सेमिनारांची. ३० तास भरायचे म्हटलं की ते विकणारे तयार होतात. शनिवार-रविवार मोठ्या हॉटेलात, चहा-बिस्किटं, शेवटी प्रमाणपत्र. त्यांतले काही फार चांगले असतात. काहींत निम्मा वेळ रुग्ण वारंवार कसे येत राहतील यावर जातो. अशा ठिकाणी बसलो की मला उठून जावंसं वाटतं, आणि एकदा मी गेलोही. तास मोजणाऱ्या पद्धतीत हा धोका कायम राहणार. त्यावर उपाय म्हणजे स्वतःचा गट बांधणं आणि सेमिनारांवर कमीत कमी अवलंबून राहणं.

दुसरी गोष्ट व्यवसाय लहान असण्याची. साडेतीन-चार हजारांत सगळे त्याच पाच-सहा शिक्षणसंस्थांतून आलेले, एकमेकांना ओळखणारे. इतरांबरोबर शिकायचं म्हणजे मित्रांबरोबर शिकायचं असं होतं, आणि मित्र मान डोलावतात. कायरोप्रॅक्टिकला याची किंमत मोजावी लागलेली आहे. २००८ मध्ये विज्ञानलेखक सायमन सिंग यांनी 'गार्डियन'मध्ये लेख लिहून अर्भकांच्या पोटशूळावर आणि दम्यावर कायरोप्रॅक्टिकचे दावे निराधार असल्याचं म्हटलं. ब्रिटिश कायरोप्रॅक्टिक असोसिएशनने त्यांच्यावर बदनामीचा दावा लावला. २०१० च्या एप्रिलमध्ये अपील कोर्टाचा निर्णय सिंग यांच्या बाजूने गेला आणि संघटनेने दावा मागे घेतला. मधल्या काळात कायरोप्रॅक्टरांच्या वेबसाइटांवरल्या दाव्यांबद्दल जीसीसीकडे शेकडो तक्रारी गेल्या. लहानशा कौन्सिलला तो भार प्रचंड होता.

पण माझ्या मते त्या दणक्याने भलं झालं. त्याच वर्षी जीसीसीने स्पष्ट सांगितलं की 'व्हर्टिब्रल सबलक्सेशन कॉम्प्लेक्स' (मणके किंचित जागचे हलल्याने शरीरात बिघाड होतो, असं मानणारी) ही ऐतिहासिक, सैद्धान्तिक कल्पना आहे आणि ती रोगाचं कारण असल्याचा दावा करण्याजोगा संशोधनाचा पुरावा नाही. ज्या कल्पनेवर हा व्यवसाय १८९५ पासून उभा राहिला तिच्याबद्दल त्याच व्यवसायाच्या नियामकाने असं लिहिणं सोपं नव्हतं. जुन्या वळणाच्या लोकांना ते अजून मान्य नाही, आणि काही सेमिनारांत ती भाषा अजून ऐकू येते. तुम्ही फिजिओ म्हणून पुराव्याच्या शिस्तीत वाढलेले असाल तर हे तुम्हाला सुरुवातीला बोचेल. त्याची तयारी ठेवा. माझा अनुभव असा की नव्या पिढीत ते झपाट्याने कमी होतंय. नाइसच्या (उपचारांच्या मार्गदर्शिका काढणारी इंग्लंडमधली सरकारी संस्था) २०१६ च्या पाठदुखीच्या मार्गदर्शिकेने हातांनी करायचे उपचार व्यायामाच्या जोडीनेच करावेत असं सांगितल्यापासून दोन्ही व्यवसायांचं रोजचं काम पुष्कळसं सारखंच दिसू लागलं आहे.

ऑस्टिओपॅथीचं काय, असं कोणी विचारेल. जनरल ऑस्टिओपॅथिक कौन्सिलची २०१८ पासूनची योजना तीन वर्षांची आहे: ९० तास, त्यातले ४५ इतरांबरोबर, संवाद आणि संमती यावर एक सक्तीचं काम, आणि शेवटी एका सहकाऱ्यासमोर बसून तिन्ही वर्षांची झाडाझडती. तो सहकारी दुसऱ्या आरोग्य व्यवसायातलाही चालतो. योजना म्हणून तिन्हींत हीच मला सर्वांत समंजस वाटते. तीन वर्षांच्या मुदतीत पहिली दोन वर्षं हात बांधून बसण्याचा मोह होतो, एवढीच शंका. पण फिजिओच्या पायावर तिथे जायचं तर शिक्षण पुन्हा मुळापासून वेगळं, म्हणून ते इथेच सोडतो.

परत जायचं असेल तर

आता आपल्या लोकांसाठी सगळ्यांत महत्त्वाचं, आणि इथे पारडं उलट फिरू शकतं.

महाराष्ट्रात फिजिओला कायद्याचं घर आहे. २००२ च्या कायद्याची राज्याची ओटीपीटी (ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपी) कौन्सिल आहे, आणि २०२१ च्या केंद्रीय कायद्याने अलाइड आणि हेल्थकेअर व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग आला, त्यात फिजिओथेरपी आहे. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची पदवी घेऊन तुम्ही गेलात आणि परत आलात तर तुमची जागा तिथे आहे. कायरोप्रॅक्टरसाठी भारतात अशी वैधानिक कौन्सिलच नाही. रजिस्टर नाही, म्हणून राखीव नावही नाही. पुण्या-मुंबईत यूकेत किंवा अमेरिकेत पूर्ण शिकलेले मोजके कायरोप्रॅक्टर आहेत, आणि त्याच नावाच्या पाट्या लावून मान कडाकडा मोडण्याचे व्हिडिओ टाकणारेही आहेत. रुग्णाला दोघांतला फरक कळायचं साधन नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये पूर्ण शिक्षणासाठी किमान ४,२०० तास सुचवले होते, त्यात हजार तास देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्णांवर. शनिवार-रविवारच्या शिबिरातून निघालेल्या माणसाला आणि चार वर्षं घालवलेल्याला आपल्याकडे एकच शब्द लागतो.

याचं मला मनापासून वाईट वाटतं. आमच्या गावाकडे पाठीत उसण भरली की अजून पायाळू माणसाला शोधतात आणि त्याचा पाय पाठीला लावून घेतात. त्यात फसवणूक नव्हती. तो माणूस स्वतःला डॉक्टर म्हणवत नव्हता, पैसे घेत नव्हता, आणि मान तर कोणी त्याच्या हाती देत नव्हतं. आज पांढरा कोट घालून कॅमेऱ्यासमोर म्हाताऱ्या माणसाची मान, रक्तदाबाची पट्टीसुद्धा न लावता, फिरवली जाते तेव्हा त्याला विचारणारी कुठलीही समिती नाही. जीसीसीची ८०० पौंड फी जड वाटते तेव्हा मी हे आठवतो. त्या पैशांत तक्रार ऐकणारी समिती आहे, चौकशी आहे, गरज पडली तर रजिस्टरवरून नाव काढणं आहे.

तेव्हा पाच-सात वर्षांत परतायचा विचार पक्का असेल, तर माझं मत असं की फिजिओच राहावं आणि हवं तर मॅन्युअल थेरपीचं, म्हणजे हातांनी करायच्या उपचारांचं, पुढचं शिक्षण घ्यावं. तिथे जीसीसीचा शिक्का तुमच्या ज्ञानाला उपयोगी पडेल, पण कायद्याच्या दृष्टीने तुमच्या नावामागे फिजिओचीच नोंदणी उभी राहील. इथेच राहायचं, खासगीत जायचं, आणि बहुधा एकट्याने काम करायचं असेल, तर फी जास्त आणि अभ्यास लांब असूनही मी जीसीसीकडे जा म्हणेन. एनएचएसमध्ये समाधानी असाल तर हा सगळा प्रश्नच तुमचा नाही. तिथलं वातावरण जे देतं ते कुठलाही नियम देऊ शकत नाही.

जाणार असाल तर काही कामाच्या गोष्टी. पूर्णवेळ शिक्षण साधारण चार वर्षांचं असतं. आधीच्या पदवीमुळे काही सूट मिळते का हे प्रत्येक संस्थेला लेखी विचारा, आणि तो कोर्स जीसीसीने मान्य केलेला आहे याची खात्री जीसीसीच्या यादीतूनच करा. पहिली नोकरी निवडताना पगाराआधी विचारा की पहिल्या वर्षी मेंटॉर मिळेल का. रॉयल कॉलेज ऑफ कायरोप्रॅक्टर्सचा पोस्ट-रजिस्ट्रेशन ट्रेनिंगचा कार्यक्रम ऐच्छिक आहे, पण जे क्लिनिक तुम्हाला त्यासाठी वेळ काढून देतं तिथे दोन पैसे कमी मिळाले तरी जा.

आणि शिकत असताना एचसीपीसीची नोंदणी सुटू देऊ नका. व्हिसाच्या अटींत बसेल तेवढं फिजिओचं काम चालू ठेवा. कारण दोन ते पाच वर्षं प्रॅक्टिसबाहेर राहिलात तर परत येताना ३० दिवसांचं अद्ययावतीकरण दाखवावं लागतं, आणि पाच वर्षांच्या पुढे ६० दिवसांचं. दोन्ही रजिस्टरांची फी भरणं परवडत असेल तर परतीचा रस्ता उघडा राहतो. एकाच बैठकीचा सीपीडी दोन्हीकडे मांडता येतो, फक्त जीसीसीसाठी तास लिहा आणि एचसीपीसीसाठी त्या बैठकीने रुग्णाचं काय भलं झालं ते लिहा. माझ्या फोल्डरमध्ये आता एकाच नोंदीत दोन्ही असतं.